पीकनोंद आणि राष्ट्रीय नियोजन : ठाणे जिल्ह्यातील भातशेतीच्या अनुषंगाने

भाताची लावणी आटोपून खाचरांतील पाणी स्थिरावले की ठाणे जिल्ह्यातील खेड्यांना थोडी उसंत मिळते. राब, आवण व चिखलणी यांची धांदल संपलेली असते आणि बेणणीस अद्याप अवकाश असतो. याच दिवसांत एक लहानसे काम करावयाचे असते. परंतु ते पावसापाण्यावर अवलंबून नसल्यामुळे शेतकरी त्यास शेतीचे काम समजत नाही. हे काम म्हणजे उभ्या पिकाची नोंद. पूर्वी तलाठी दप्तर घेऊन शिवारात येत आणि गाव नमुना बारामध्ये पीक लिहून घेत. पुष्कळ ठिकाणी ते चावडीवर बसूनच लिहिले जाई, हेही खरे आहे. दिनांक १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि ही नोंद खातेदाराने स्वतः, स्वतःच्या शेतात उभे राहून, मोबाइलवरून करावयाची असे ठरले.

एका खाचरात भात आहे की नागली, हे दिल्लीस किंवा मुंबईस कळण्याची एवढी निकड कशासाठी, असा प्रश्न मुरबाड व शहापूर तालुक्यांतील बैठकांत वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी देशाचे नियोजन कसे चालत आले आणि ते आता कसे बदलले आहे, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

नियोजनास लागणारा हिशेब

नियोजन मंडळाची स्थापना १९५० साली झाली व पहिली पंचवार्षिक योजना १९५१ मध्ये सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास कार्यक्रमास आरंभ झाला आणि पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. गावपातळीवरील कार्यकर्ता ही कल्पना याच कार्यक्रमांतून रुजली. त्या काळी सर्वात मोठी अडचण पैशाची नव्हती, आकड्यांची होती. देशात भात किती पिकतो, हे खात्रीपूर्वक सांगता येत नसे. पिकाचा अंदाज नजरेने बांधला जाई. सोळा आणे पीक, बारा आणे पीक, असे म्हणण्याची रीत होती व तीवरूनच आणेवारी हा शब्द आला. दशमान नाणी आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली. चाळिशीच्या दशकात विनायक गोविंद पानसे व पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. शेत निवडताना चांगले किंवा वाईट असे न पाहता ते चिठ्ठी उचलल्याप्रमाणे निवडावे, ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढेच पीक कापावे, झोडावे, वजन करावे आणि त्यावरून सबंध क्षेत्राचा अंदाज काढावा, अशी ही पद्धत आहे. ती आजही चालू आहे.

परंतु या पद्धतीने कळते ते हेक्टरी उत्पन्न. एकूण उत्पादन काढावयाचे तर त्यास क्षेत्राने गुणावे लागते, आणि क्षेत्राचा आकडा येतो तो गाव नमुना बारामधून. तेथे चूक झाली तर कापणी प्रयोग कितीही काटेकोर केला तरी गुणाकार चुकणारच.

पहिल्या काही दशकांत ही चूक काही अंशी खपून जात असे. योजनेतील पैसा, खत व बियाणे जिल्ह्यास आणि गटास सरासरीने मिळत. धनंजयराव गाडगीळ हे १९६७ ते १९७१ या काळात नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्रीय मदत कोणत्या सूत्राने वाटावी, याचा त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला निकष १९६९ सालचा. त्यातही विचार राज्याचा होता, एकेका खातेदाराचा नव्हे. सरासरीत एका गावची चूक दुसऱ्या गावच्या चुकीने झाकली जाई.

ही स्थिती आता पालटली आहे. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन मंडळाच्या जागी नीती आयोग आला आणि बारावी पंचवार्षिक योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपल्यानंतर तेरावी योजना आखण्यात आली नाही. २०१५ मध्येच संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत गाठावयाची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरविली. भूक निवारण, शुद्ध पाणी, जमिनीचे रक्षण इत्यादी विषय त्यांत आहेत. ग्रामपंचायतींना ती झेपावीत म्हणून केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने त्यांची नऊ विषयांत मांडणी केली असून ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा त्यांस धरून करावयाचा असतो. दुसरीकडे शासनाची मदत सरासरीने वाटली न जाता थेट खात्यावर जाऊ लागली. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली. मदत नावानिशी जाऊ लागली की नोंदीतील चूकही नावानिशी लागू होते. ती झाकणारी सरासरी आता उरलेली नाही.

तीन वह्या

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी डिजिटल कृषी अभियानास मंजुरी दिली. त्यासाठी २,८१७ कोटी रुपयांची तरतूद ठरविण्यात आली. त्यातील ॲग्रिस्टॅक हा भाग शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष संबंधाचा आहे. नाव अपरिचित असले तरी वस्तू ओळखीची आहे. ॲग्रिस्टॅक म्हणजे एकमेकींस जोडलेल्या तीन वह्या होत. पहिली वही शेतकऱ्यांची. तिच्यात खातेदार, त्याचा आधार क्रमांक व त्याची जमीन यांची सांगड घालून त्यास ११ अंकी शेतकरी ओळख क्रमांक दिला जातो. दुसरी वही गावनकाशांची. प्रत्येक गट पृथ्वीवर नेमका कोठे आहे हे अक्षांश-रेखांशांसह त्यात असते. तिसरी वही पेरलेल्या पिकांची. जुन्या दप्तराच्या भाषेत सांगावयाचे तर आठ-अ, गावनकाशा आणि नमुना बारा एकत्र बांधले आहेत, एवढेच. फरक असा की पूर्वी ही तीन दप्तरे एकमेकांशी जुळतात की नाही, हे कोणी पाहत नसे. आता ती न जुळल्यास अर्ज पुढे सरकत नाही.

देशात तीन वर्षांत ११ कोटी शेतकऱ्यांना ओळख क्रमांक देण्याचे लक्ष्य अभियानात ठेवण्यात आले. महाराष्ट्र शासनाने कृषी विभागाच्या योजनांच्या लाभासाठी हा क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून आवश्यक केला. याच अभियानात १:१०,००० या प्रमाणावर मातीचे तपशीलवार नकाशे करण्याचेही काम असून १४.२ कोटी हेक्टर शेतजमीन त्यात यावयाची आहे. कोणत्या मातीत कोणते पीक तग धरील याचा विचार पुढे या नकाशांवरून होईल. परंतु मातीचा नकाशा व पिकाची नोंद ही एकमेकांवर ठेवूनच वाचावयाची असतात. पिकाची नोंद खोटी असली तर उत्तम नकाशाही खोटेच सांगेल.

ठाणे जिल्ह्याची विशेष अडचण

सातबारावर ज्याचे नाव तोच शेत कसतो, असे ही सर्व रचना धरून चालते. विदर्भातील किंवा घाटमाथ्यावरील पुष्कळ गावांत हे बहुतांशी खरे असेल. ठाणे जिल्ह्यात ते गृहीत धरता येत नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाण्याकडे सात तालुके उरले. त्यांपैकी ठाणे व उल्हासनगर हे जवळजवळ संपूर्ण नागरी आहेत. कल्याण, भिवंडी व अंबरनाथ येथे शहर आणि शेत यांची सरमिसळ झाली आहे. भाताचा खरा आधार मुरबाड व शहापूर हे दोन तालुके होत. २०११ च्या जनगणनेत तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर लोकसंख्येचा, देशातील सर्वाधिक लोकवस्तीचा जिल्हा ठरला होता. मुंबईची तहान भागविणारे भातसा धरण शहापुरात आहे आणि समृद्धी महामार्ग शहापूर, कल्याण व भिवंडी तालुक्यांतून जातो. अशा ठिकाणी जमिनीची किंमत पिकावरून ठरत नाही. परिणामी सातबारावरील नाव एकाचे आणि नांगर दुसऱ्याचा, असे पुष्कळ गावांत आढळते.

शेत विकत घेणारा मनुष्य मुंबईत किंवा डोंबिवलीत राहतो. जमीन पडीक दिसू नये म्हणून तो ती मूळच्याच मालकास किंवा शेजाऱ्यास अर्धेलीने कसावयास देतो. लेखी काही होत नाही. ते का होत नाही हे समजून घेतले पाहिजे, कारण नुसते ‘करार करा’ असे सांगून उपयोग होत नाही. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्यास जमिनीचा मालक केले. त्या घटनेची आठवण जमीनधारकांच्या मनात अद्याप ताजी आहे. कसणाऱ्याचे नाव एकदा दप्तरी लागले की कुळाचा हक्क सांगितला जाईल, ही भीती बोलून दाखविली जात नाही, परंतु प्रत्येक तोंडी व्यवहाराच्या मागे तीच असते. यामुळे जो चिखलात उभा राहतो त्यास दप्तरात जागा नाही, आणि ज्यास जागा आहे त्यास आवण कधी काढले हे ठाऊक नाही.

याचा तोटा हंगामाच्या अखेरीस दिसतो. भाताची आधारभूत किंमत २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण प्रतीस क्विंटलमागे २,३६९ रुपये ठरविण्यात आली. शासकीय खरेदी आदिवासी क्षेत्रात आदिवासी विकास महामंडळामार्फत व इतरत्र पणन महासंघामार्फत होते. केंद्रावर नोंदणी करताना पीकनोंद असलेला सातबारा पाहिला जातो. नोंद नसेल तर खळ्यावरचा भात व्यापारी देईल त्या दरास विकावा लागतो. अतिवृष्टीने पीक गेल्यास पंचनाम्याची मदतही नोंदीप्रमाणे खातेदाराच्या बँक खात्यात जाते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ नंतरचे निकष जिरायत पिकास हेक्टरी ८,५०० रुपये असे होते आणि नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तरच ते लागू होतात. जुलै २००५ व जुलै २०१९ च्या पुरांत उल्हास नदीने बदलापूर, वांगणी व कल्याण परिसरात काय केले ते तेथील लोक विसरलेले नाहीत. अशा वेळी बुडालेले पीक ज्याचे, त्याच्या हाती काही न पडता दूर राहणाऱ्या खातेदाराच्या खात्यात पैसे जमा झाले, तर त्यास नियोजनाचे यश म्हणता येणार नाही.

यावर संपूर्ण उपाय आज गावपातळीवर उपलब्ध नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. तथापि काही गोष्टी करता येतात. खातेदार दूर असला तरी पीक पाहणी त्याच्याच खात्यावर व्हावयाची असते. तिच्यामुळे कसणाऱ्याचे नाव लागत नाही व कुळाचा हक्कही उत्पन्न होत नाही. एवढे समजावून सांगितले तर बरेचसे खातेदार नोंद करू देतात आणि निदान भात हा भात म्हणून लागतो. मदत व भाताची विक्री यांची वाटणी कशी करावयाची हे दोघांनी पेरणीपूर्वीच, चार माणसांसमक्ष ठरवावे.

मृत खातेदार व सामाईक खाती

दुसरी अडचण घरातलीच आहे. आजोबा वारले, वडीलही वारले, आणि सातबारावर अद्याप आजोबांचेच नाव. मृत मनुष्यास ओळख क्रमांक मिळत नाही. वारस नोंदीसाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत गावच्या महसूल अधिकाऱ्यास कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सांगते. (तलाठी या पदाचे नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे बदलले आहे, गावात अद्याप तलाठीच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही.) मुदत उलटून गेली असली तरी अर्ज करावा. फेरफार नोंदविल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जातात आणि मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. महसूल खात्याने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम घेऊन मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. ज्यांचे तेव्हा राहिले त्यांनी ते आता पुरे करावे.

वारस लावताना मुली व विधवा यांची नावे गाळू नयेत. ‘ती सासरी गेली, तिचे कशाला’ असे म्हणून केलेला फेरफार पुढे वादात सापडतो आणि वाद चालू असेपर्यंत सबंध खाते अडते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे. शिवाय जिल्ह्यातील कित्येक घरांत पुरुष सकाळच्या लोकलने कारखान्यात किंवा कचेरीत जातो आणि शेत बाईच पाहते. तिचे नाव खात्यावर असणे हा उपकार नव्हे, ती वस्तुस्थितीची नोंद होय.

सामाईक खात्यात पंधरावीस नावे असणे ही या भागात नवलाची गोष्ट नाही. भावाभावांत वाटणी होऊन तीन पिढ्या झाल्या, प्रत्येकाचे खाचर ठरलेले आहे, बांध घातलेले आहेत. परंतु सातबारा एकच. अशा वेळी एकाने सबंध गटावर भात लावला की दुसऱ्याचा वाल किंवा नागली नोंदविण्यास क्षेत्रच उरत नाही. सर्व सहधारक संमत असतील तर संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. तोपर्यंत निदान एका दिवशी एकत्र बसून कोणी किती गुंठे कोणत्या पिकाखाली दाखवावयाचे ते ठरवावे आणि मगच मोबाइल हाती घ्यावा.

शहापूर व मुरबाडच्या डोंगराळ भागातील ठाकूर, कातकरी व महादेव कोळी कुटुंबांकडे वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेले पट्टे आहेत. हा पट्टा पतिपत्नींच्या संयुक्त नावे असतो, तो वारसांकडे जातो, परंतु विकता येत नाही. नेहमीच्या सातबारा खात्याप्रमाणे या पट्ट्यांची ओळख सहजी पटत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशा कुटुंबांची वेगळी यादी करून पट्ट्याची प्रत, आधार व बँक पासबुक यांसह त्यांस तालुक्याच्या ठिकाणी स्वतः घेऊन जावे. कागद वाचता न येणाऱ्या मनुष्यास ‘ऑनलाइन अर्ज करा’ असे सांगणे म्हणजे त्यास परत पाठविणे होय.

महापालिकेच्या हद्दीतील शेती

कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली स्थापन झाली. तिच्या भोवतालची २७ गावे प्रारंभी तिच्यात होती, २००२ मध्ये ती वगळण्यात आली व २०१५ मध्ये पुन्हा घेण्यात आली. गाव महापालिकेत गेले की ग्रामसभा व ग्रामपंचायतीचा आराखडा राहत नाही. यावरून तेथील शेतकऱ्यांचा असा समज होतो की आता शेतकरी म्हणून आपली नोंदच संपली. तो चुकीचा आहे. जमीन शेतीची असून तिच्यात प्रत्यक्ष पीक घेतले जात असेल तर पीक पाहणी करता येते. किसान सन्मान निधीतही नागरी व ग्रामीण असा भेद केलेला नाही. मात्र आयकर भरणाऱ्यांना व बहुतेक सरकारी नोकरांना तो मिळत नाही. चाकरमानी कुटुंबांच्या या जिल्ह्यात अर्ज नामंजूर होण्याचे हे एक मोठे कारण आहे. लाभ मिळत नसला तरी पिकाची नोंद करावी. बांधावरील आंबा, फणस, जांभूळ, साग यांचीही नोंद करावी. रस्त्यासाठी किंवा अन्य प्रकल्पासाठी जमीन संपादित होते तेव्हा जमिनीवरील झाडांचे मूल्य वेगळे धरले जाते आणि त्या वेळी झाडे पूर्वीपासून दप्तरी असलेली बरी.

नोंद करताना

खरीप हंगामाची शेतकरी स्तरावरील पाहणी साधारणतः ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत असते. तारखा दरवर्षी जाहीर होतात आणि कित्येकदा मुदत वाढते. परंतु मुदतवाढीच्या भरवशावर राहू नये. या भागात हळवे भात सप्टेंबरच्या अखेरीस कापणीस येते. कापून उडव्या रचल्यावर छायाचित्र कशाचे घेणार? गरव्या भाताचे खाचर तेव्हा हिरवेच असते. सबब हळव्याची नोंद आधी उरकावी.

नोंद गटात उभे राहूनच करावी. छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि घरच्या ओटीवरून घेतलेले छायाचित्र लगेच उघडे पडते. माळशेजच्या पायथ्याकडील किंवा डोळखांबच्या आतील पाड्यांत मोबाइलला जाळे मिळत नाही. तेथे माहिती व छायाचित्र शेतातच घेऊन ठेवावे आणि जाळे मिळेल तेथे येऊन ती पुढे पाठवावी. ज्याच्याजवळ असा मोबाइल नाही त्याची नोंद शेजाऱ्याच्या मोबाइलवरून होऊ शकते. एका मोबाइलवर अनेक खातेदारांची नावे घालता येतात. चुकून दुसरेच पीक निवडले गेल्यास ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्ती करण्याची सोय २०२२ पासून करण्यात आली. म्हणून नोंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उघडून पाहावी.

भात खाचरात, नागली-वरी वरकसावर आणि तूर बांधावर, असा एकाच गटात तीन पिकांचा मेळ या जिल्ह्यात नित्याचा आहे. सोयीसाठी सबंध गटास भात लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. नागली-वरीचे क्षेत्र कागदावर दिसत नाही म्हणून त्यांच्या बियाण्याची मागणी दिसत नाही, आणि मागणी दिसत नाही म्हणून कार्यक्रमात त्यांस जागा मिळत नाही. याउलट अधिक लाभाच्या आशेने नसलेले पीक दाखविणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याची किंमत सर्वांना मोजावी लागते. पीक विमा २०२३ मध्ये एक रुपयात देण्यात आला होता. त्यात बनावट अर्ज मोठ्या प्रमाणावर आढळले आणि २०२५ च्या खरिपापासून ही सवलत बंद होऊन विमा हप्ता पूर्ववत खरीप धान्यपिकांना विमा रकमेच्या दोन टक्के असा झाला. ज्याने कधी खोटे पीक दाखविले नाही, त्या मुरबाडच्या भातकऱ्यासही तो भरावा लागतो.

आकड्यास जे ठाऊक नसते

नोंद खरी असली तरी ती सर्व काही सांगत नाही. गट ‘पड’ आहे असे नोंदले की नकाशावर तेवढा तुकडा रिकामा दिसतो. परंतु खडवलीकडील एखादे शेत मजूर न मिळाल्याने पड आहे, टिटवाळ्याजवळचे गिऱ्हाईकाची वाट पाहत पड आहे, आणि तिसरे नाल्यात कारखान्याचे किंवा वस्तीचे सांडपाणी आल्यामुळे पिकत नाही म्हणून पड आहे. तिघांवरील उपाय वेगळे, खाते वेगळे, खर्च वेगळा. दिल्लीतील यंत्रास तिन्ही सारखीच दिसतात. हा भेद गावपातळीवरील कार्यकर्ताच जाणतो. त्याने आपल्या दैनंदिनीत कारण लिहून ठेवावे व तालुका कृषी अधिकाऱ्यांस कळवावे. उपग्रहाचे व संगणकाचे काम कितीही वाढले तरी विस्तार कार्यकर्त्याची गरज कमी झालेली नाही, ती एवढ्यासाठीच.

शाश्वत शेतीच्या बाबतीत हेच अधिक तीव्रतेने जाणवते. तुंबलेल्या पाण्यातील भातखाचरांतून मिथेन वायू निघतो व तो हवामान तापविणाऱ्या वायूंपैकी एक आहे. चिखलणीने मातीचा पोत बिघडतो व भातानंतरच्या वालास किंवा हरभऱ्यास जमीन कठीण लागते. नेरळ येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी व लावणी न करता गादीवाफ्यांवर भात टोकला जातो आणि त्याच वाफ्यांवर पुढचे पीक घेतले जाते. मजुरांची टंचाई असलेल्या या जिल्ह्यात हा मार्ग विचार करण्याजोगा आहे. मात्र तणांचा बंदोबस्त वेळेवर झाला नाही तर नुकसान होते, तेव्हा पहिल्या वर्षी पाचदहा गुंठ्यांवरच करून पाहावे. पीकनोंदीत अशा शेतासही ‘भात’ एवढेच नाव लागते. तो चिखलातला की वाफ्यावरचा, हे कार्यकर्त्याने वेगळे टिपून ठेवले तरच त्या पद्धतीचा प्रसार किती झाला ते पुढे कळेल. मृद् आरोग्य पत्रिकेचेही तसेच. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व नत्र, स्फुरद, पालाश यांसह १२ बाबी असतात. ती पत्रिका पेटीत ठेवून खत दुकानदाराच्या सल्ल्याने घातले जात असेल तर पत्रिकेची संख्या वाढेल, जमीन मात्र होती तशीच राहील.

ग्रामसभेपुढे वाचन

शेतकरी ओळख क्रमांक काढून देतो, विमा मंजूर करून देतो, असे सांगून फोन करणारे लोक अलीकडे वाढले आहेत. मोबाइलवर येणारा गुप्त अंक कोणासही सांगू नये. कोणी तसे विचारल्यास तो मनुष्य शासनाचा नाही असे खुशाल समजावे. आधाराची प्रत देताना ती कशासाठी घेतली हे विचारून घेण्याचा शेतकऱ्यास अधिकार आहे.

चावडीवाचन ही जुनी चाल या कामी फार उपयोगी पडते. सातबारा संगणकावर आणताना झालेल्या चुका गावापुढे वाचन झाल्यावरच पुष्कळ ठिकाणी उघडकीस आल्या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेस भात उभे असते व पाहणीची मुदतही बहुधा चालू असते. त्या दिवशी ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी व ग्रामपंचायत अधिकारी यांनी मिळून तोपर्यंतच्या पीकनोंदी गटवार मोठ्याने वाचाव्यात आणि ज्यांची नोंद झाली नाही अशांची नावे शेवटी वाचावीत. महापालिकेतील गावांत ग्रामसभा नसते. तेथे हेच वाचन देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या सभामंडपात करण्यास हरकत नाही. जी नोंद चुकीची निघेल तिचा अर्ज त्याच जागी लिहून घ्यावा, त्याची पोच द्यावी, आणि मुदत संपण्यापूर्वी राहिलेल्या गटांवर पाहणीसाठी नेमलेल्या सहायकास पाठवावे.